इअरविगचा बंदोबस्त: आधी टॉर्च, मग सापळा, औषध सगळ्यात शेवटी

कुंडी सरकवली की खालून चार-सहा लांबुडके तपकिरी किडे सैरावैरा पळतात, आणि प्रत्येकाच्या मागच्या टोकाला छोटासा चिमटा असतो. हाच इअरविग. दिसायला तो जितका भयानक आहे, तितका वागायला नाही. तरीही रोपांची पानं कुरतडलेली असतात, फुलाची पाकळी अर्धी गायब असते, रात्री न्हाणीघरात दिवा लावला की एखादा भिंतीलगत पळताना दिसतो, आणि मग माणूस औषधाची बाटली शोधायला निघतो. मीही तसाच निघालो होतो. त्या वर्षी मी दोन वेळा फवारणी केली आणि पानांची चाळण होतच राहिली. नंतर एका रात्री टॉर्च घेऊन बसलो तेव्हा कळलं की पानं खाणाऱ्या गोगलगायी होत्या. इअरविग तिथे होते, पण ते मावा, म्हणजे रोपांचा रस शोषणारी बारीक कीड, खात होते.

म्हणून या लेखाची सुरुवात औषधाने नाही, चौकशीने आहे.

समोरचा किडा नेमका कोण?

इअरविगला पाय सहा. हे आधी मोजा, कारण लोक त्याला गोमेचं पिल्लू समजतात. गोमेला पायांच्या जोड्याच जोड्या असतात. शरीर चपटं, चकचकीत, तांबूस तपकिरी किंवा काळसर. पाठीवर चामड्यासारखे दोन आखूड पंख, ज्यांनी अर्धं पोटही झाकलं जात नाही. त्या आखूड पंखांखाली खरे उडण्याचे पंख घडी घालून ठेवलेले असतात. ही घडी इतकी विलक्षण असते की उलगडलेला पंख घडीच्या दहापटीहून मोठा भरतो. एवढं असूनही हे महाशय क्वचितच उडतात. अंधारात पळणं आणि फटीत घुसणं यावरच त्यांचा भर.

चिमट्यावरून नर-मादी ओळखता येतात. नराचा चिमटा बाहेरून कमानीसारखा वाकलेला, मादीचा बराचसा सरळ. बचाव, समागम आणि पंखांची घडी घालणं अशा कामांना तो वापरला जातो. हाताने दाबलात तर तो बोटाला चिमटा काढू शकतो, पण त्यात विष नाही आणि कातडी सहसा फाटतही नाही. साबणाने हात धुतले की झालं. काही जाती डिवचल्यावर उग्र वासाचा स्राव सोडतात, तेवढा वास मात्र बोटाला काही वेळ राहतो.

आखूड पंखांचे काही भुंगेरेही लांबून असेच दिसतात. त्यांना चिमटा नसतो, आणि घाबरले की ते शेपटी वर उचलतात. ते बागेतले चांगले शिकारी आहेत, त्यांना मारू नका.

कानात शिरण्याची गोष्ट एकदाची संपवू. या किड्याच्या इंग्रजी नावातच ‘कान’ आहे आणि ते नाव फार जुनं आहे, त्यामुळे झोपलेल्या माणसाच्या कानात शिरून तो मेंदूपर्यंत जातो ही समजूतही तितकीच जुनी. त्यात तथ्य नाही. कोणताही छोटा किडा चुकून कानात जाऊ शकतो, तसाच हाही. मेंदूकडे जाण्याचा रस्ता त्यातून नाही. कानात काहीही गेलं तर काडी घालू नका, डॉक्टरकडे जा. हा किडा रोग पसरवत नाही, लाकूड पोखरत नाही, घरात वसाहत करून राहत नाही.

जगभरात इअरविगच्या सुमारे 2000 जाती आहेत. घराबागेत सर्वात जास्त बोलबाला आहे तो युरोपीय इअरविगचा, फॉरफिक्युला ऑरिक्युलारिया या शास्त्रीय नावाचा. लांबी साधारण 12 ते 15 मिलिमीटर. मूळचा युरोपाच्या बाजूचा हा किडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेत पोचला आणि तिथे चांगलाच फोफावला. उष्ण प्रदेशांत बिनपंखी, पायांवर गडद कडी असलेला इअरविग जास्त आढळतो. वाळूच्या, ओलसर काठच्या जमिनीत एक मोठा, फिकट पट्ट्यांचा इअरविग असतो, तो बहुतांशी शिकारीच आहे. तिघांचा बंदोबस्त जवळपास एकाच पद्धतीने होतो, कारण तिघांनाही तीनच गोष्टी लागतात: ओल, काळोख आणि अंगाला दोन्ही बाजूंनी टेकेल अशी अरुंद जागा.

ही तिसरी गोष्ट लक्षात ठेवा. नुसत्या अंधाराने त्यांचं समाधान होत नाही. पाठ आणि पोट दोन्ही कशाला तरी टेकलेलं असलं की ते थांबतात. पुढचे सगळे सापळे याच एका सवयीवर चालतात.

आई पिल्लं सांभाळते, आणि त्यातून आपल्याला वेळ कळते

किड्यांच्या जगात दुर्मीळ असा गुण या मादीत आहे. ती जमिनीत उथळ बीळ करून साधारण 30 ते 50 अंडी घालते आणि त्यांच्यावर पहारा देते. अंडी चाटून त्यांच्यावरची बुरशी साफ करते, गरज पडली तर एका जागेवरून दुसरीकडे हलवते, आणि पिल्लं बाहेर आल्यावरही काही काळ त्यांच्याजवळ राहते. मला हे वाचल्यापासून पावलाखाली इअरविग चिरडताना थोडं अवघडल्यासारखं होतं. पण रोपवाटिकेतली कोवळी रोपं एका रात्रीत बोडकी झाली की अवघडलेपण आपोआप जातं.

थंड हवेच्या भागात अंडी हिवाळ्याच्या सुमारास घातली जातात आणि पिल्लं वसंतात वर येतात. फिकट, पांढुरकी, बिनपंखी पिल्लं चार वेळा कात टाकून मोठी होतात. याचा व्यवहारातला अर्थ असा: हंगामाच्या सुरुवातीला, म्हणजे पिल्लं नुकती जमिनीवर फिरू लागलेली असताना सापळे लावले तर पुढची निम्मी डोकेदुखी वाचते. भर उन्हाळ्यात, संख्या शिगेला पोचल्यावर लावले तरी उपयोग होतो, पण मग रोजचं काम बरंच वाढतं. उबदार, दमट हवेत त्यांची पैदास अधिक काळ चालते. तिथे ‘सुरुवात’ म्हणजे सापळ्यात छोटी पिल्लं दिसू लागतील तो दिवस धरा. जमीन खुरपून वरचा थर मोकळा केला तर काही बिळं मोडतात, पण तेवढ्यासाठी मुळं दुखावतील अशी खोदाई करू नका.

पायरी पहिली: रात्रीची फेरी

अंधार पडल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन बाहेर पडा. एका रात्रीवर विसंबू नका, दोन-तीन रात्री जा. पानाच्या खालची बाजू, वाढत्या शेंड्याची बेचकी, फुलाच्या पाकळ्यांमधली जागा आणि जमिनीलगतचा देठ बघा. हळू चाला, प्रकाश पडताच ते खाली टपकतात किंवा आत घुसतात. दिवसा तपासायचं असेल तर पांढऱ्या कागदावर किंवा बादलीत फूल धरून झटका. डेलियासारख्या गच्च पाकळ्यांच्या फुलातून एकाच वेळी पाच-सहा पडलेले मी पाहिले आहेत.

नुकसान वाचायला शिका. इअरविगने खाल्लेल्या पानाला वेडीवाकडी भोकं आणि फाटल्यासारख्या कडा असतात. गोगलगाय किंवा शंखीने खाल्लेलं पानही तसंच दिसतं, पण जवळपास वाळलेल्या चिकट पदार्थाची चमकती रेघ सापडते. अळीचं काम असेल तर पानावर किंवा खाली लेंड्या दिसतात. रोप मुळापाशी करवतीने कापल्यासारखं आडवं पडलं असेल तर जमिनीत बोट घालून कापणारी अळी शोधा. इअरविग सहसा असं करत नाही, तो कोवळ्या रोपाची पानंच खाऊन टाकतो.

त्याला काय आवडतं? डेलिया, झेंडू, झिनिया, पेटुनिया यांच्या पाकळ्या, लेट्यूससारखी मऊ पालेभाजी, बी रुजून नुकतीच वर आलेली कुठलीही रोपं, मक्याच्या कणसाचे कोवळे केस, स्ट्रॉबेरी, पीच, जर्दाळू. केस कुरतडले गेले तर परागीभवन नीट होत नाही आणि कणसात दाणे विरळ भरतात. फळांच्या बाबतीत मात्र आरोप जपून करा. पक्ष्याने टोचलेल्या किंवा तडकलेल्या फळात तो आयता घुसून बसतो आणि आपण फळ उघडलं की चोरी त्याच्या माथी येते.

दुसरी बाजूही वहीत लिहा. हाच किडा मावा, पानांवरचे सूक्ष्म लाल कोळी, खवले किडे आणि इतर किडींची अंडी खातो, सडका पाला आणि शेवाळही खातो. सफरचंद आणि नासपतीच्या बागांत त्याला मित्रकीटक मानतात, कारण सफरचंदावरच्या लोकरी माव्याचा तो चांगला फडशा पाडतो. तेव्हा फळझाडावर मावा आहे आणि फळं अजून कच्ची, टणक आहेत, अशा वेळी झाडावरचे इअरविग तसेच राहू द्या. मोठ्या, पक्क्या झाडाझुडपांची थोडीफार पानं कुरतडली तर मी दुर्लक्ष करतो. रोपवाटिका, कोवळी पालेभाजी, प्रदर्शनासाठी वाढवलेली फुलं आणि मऊ फळं, एवढ्याच ठिकाणी पुढच्या पायऱ्या पूर्ण कसोशीने करा.

पायरी दुसरी: ओल आणि अडगळ

सापळे लावण्याआधी दिवसभर लपायच्या जागा कमी करा, नाहीतर सापळ्याला गिऱ्हाईकच मिळणार नाही. त्यांच्याकडे शंभर फटी असताना ते तुमच्या कागदाच्या गुंडाळीत कशाला येतील?

पहिलं काम पाण्याच्या वेळेचं. संध्याकाळी बाग भिजवण्याची सवय असेल तर ती सोडा. पहाटे किंवा सकाळी लवकर पाणी दिलं की दिवसभरात मातीचा वरचा थर सुकतो आणि रात्री किडे बाहेर पडतात तेव्हा त्यांना कोरडी जमीन मिळते. ठिबक असेल तर उत्तमच, पाणी मुळाशी जातं आणि आजूबाजूचा पृष्ठभाग कोरडा राहतो. हा एकच बदल करून मला सगळ्यात जास्त फरक जाणवला, आणि त्याला काही खर्चही लागला नाही.

मग गळके नळ, होजपाइपचा ठिबकणारा सांधा, वातानुकूलन यंत्राच्या नळीतून सतत पडणारं पाणी आणि कुंड्यांखालच्या ताटल्या बघा. कुंडी जमिनीला चिकटून ठेवू नका. विटेचे तुकडे किंवा छोटे पाय देऊन हवा खेळेल अशी उचला. छपराच्या पन्हळीत साठलेला पाला काढा, पावसाचं पाणी भिंतीपासून दूर वळवा.

भिंतीलगतचा पट्टा हे पुढचं काम. घराच्या भिंतीपासून निदान 15 ते 30 सेंटिमीटर जागा मोकळी आणि कोरडी ठेवा. तिथे आच्छादन नको, दाट झुडूप नको, पालापाचोळा नको. बारीक खडी पसरली तर ती लवकर सुकते. भिंतीला टेकलेल्या वेली छाटा. लाकडाचे ओंडके, जुन्या फळ्या, रिकाम्या कुंड्यांची चळत, पोती, विटांचा ढीग हे सगळं एकतर उचला किंवा घरापासून लांब, जमिनीपासून वर रचून ठेवा. कंपोस्टचा ढीगही लांबच बरा.

आच्छादनाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. बागेतलं सगळं आच्छादन काढून टाका असं सांगणारे बरेच भेटतात. मी काढत नाही. आच्छादन मातीतली ओल टिकवतं, तण दाबतं, आणि त्याखाली इअरविग खाणारे भुंगेरे आणि कोळीही राहतात. मी फक्त थर पातळ ठेवतो, देठापासून हातभर मागे सारतो, आणि रोपं लहान असतात त्या दिवसांत त्या वाफ्यात आच्छादन घालतच नाही.

पायरी तिसरी: सापळे

इथे खरा खेळ आहे, आणि इथेच लोक कंटाळतात.

कागदाची गुंडाळी. वर्तमानपत्राचे तीन-चार कागद एकत्र सैलसर गुंडाळा, रबरबँड लावा, थोडे ओले करा. ठिबकतील इतके नकोत. संध्याकाळी ही गुंडाळी त्रासलेल्या रोपांच्या बुंध्याशी ठेवा. सकाळी, ऊन चढायच्या आत, बादलीत साबणाचं पाणी घ्या (पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे काही थेंब पुरतात), गुंडाळी पटकन उचला आणि बादलीवर जोरात झटका. नुसत्या पाण्यात ते तरंगत कडेपर्यंत येतात. साबणाने पाण्याचा पृष्ठताण मोडतो म्हणून ते बुडतात. कागदाऐवजी खोक्याचा लाटांसारख्या आतल्या थराचा पुठ्ठा, बांबूची नळी किंवा जुन्या होजपाइपचे वीतभर तुकडे चालतात. होजपाइपचे तुकडे मला जास्त आवडतात. ते पावसात टिकतात आणि फुंकर मारली की रिकामे होतात. फक्त फुंकर कुठल्या बाजूने मारायची हे लक्षात ठेवा.

दर एक-दोन पावलांवर एक सापळा ठेवा, एकाच कोपऱ्यात दहा नकोत. वाफ्याच्या कडा, कुंपणाचा पाया, झाडाचा बुंधा, कुंड्यांच्या मधली बोळ या जागा मिळकतीच्या. रोज सकाळी रिकामा करा. लावला आणि विसरलात, तर ते आपणच बांधून दिलेलं घर झालं. चार दिवसांनी त्यात आजूबाजूचेही राहायला येतील.

तेलाचा डबा. कागदापेक्षा जास्त पकडणारा सापळा हा. बसक्या काठाचा पत्र्याचा डबा घ्या, साधारण 4-5 सेंटिमीटर खोल. त्यात सेंटिमीटरभर खाद्यतेल ओता आणि उग्र वासाचा एखादा पदार्थ घाला: माशाच्या तेलाचे थेंब किंवा सोया सॉस. डबा मातीत असा पुरा की काठ जमिनीच्या बरोबरीला येईल. काठ वर राहिला तर किडे वळसा घालून निघून जातात. संध्याकाळी लावा, सकाळी बघा. मेलेले काढून टाका, तेल दोन-तीन दिवस चालतं, पाऊस पडला तर बदला. कुत्रं-मांजर असेल तर झाकणाला कडेने भोकं पाडून ते वर बसवा, नाहीतर सकाळी डबा चाटूनपुसून साफ झालेला दिसेल. या डब्यात चांगले भुंगेरेही पडू शकतात. तसे बरेच पडायला लागले तर डबा तिथून उचला आणि कागदावर या.

काठीवरची कुंडी. उंच फुलझाडांसाठी हा जुना आणि देखणा उपाय आहे. छोटी कुंडी कोरड्या गवताने किंवा पेंढ्याने सैल भरा आणि फुलांच्या उंचीच्या काठीवर उलटी टांगा. रात्रभर चरून झालं की इअरविग पहाटे त्यात चढतात. दिवसा ती कुंडी उतरवून साबणाच्या पाण्यात झटका, किंवा लांबच्या माव्याने त्रासलेल्या सफरचंदाच्या झाडाखाली मोकळी करा. दुसरा पर्याय मला विशेष पटतो: डेलियाचा चोर तिकडचा राखणदार होतो. मात्र ते झाड खरंच लांब हवं, शेजारच्या वाफ्यात सोडलात तर रात्री परत येतील.

आता वही. प्रत्येक सकाळी तारीख आणि पकडलेल्यांची संख्या लिहा. हे हौशी काम वाटेल, पण सापळा कुठे ठेवायचा, किती दिवस चालू ठेवायचा आणि पाणी देण्याच्या बदलाने फरक पडला का, हे सगळं त्या आकड्यांवरूनच कळतं. पहिल्या आठवड्यात आकडा उलट वाढू शकतो, कारण लपायच्या इतर जागा तुम्ही नुकत्याच कमी केल्या आहेत. घाबरू नका. नियमितपणे चालू ठेवलं तर काही आठवड्यांत आकडा ढासळतो.

रोपवाटिका आणि फळझाडं

बी पेरलेले ट्रे जमिनीवर ठेवू नका. स्टँडवर ठेवा, आणि स्टँडचा प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत उभा करा. स्टँड भिंतीला किंवा पानांना टेकता कामा नये, नाहीतर सगळी मेहनत त्या एका पुलावरून वाहून जाते. रोपाला तीन-चार खरी पानं (बी उगवताना येणाऱ्या पहिल्या पानांनंतरची) आली, देठ जरा ताठ झाला, की मगच वाफ्यात लावा. थेट पेरणीच करायची असेल तर थोडं जास्त पेरा आणि सुरुवातीचे पंधरा दिवस सापळे दाट लावा.

फळझाडाच्या बुंध्याभोवतीचं तण काढा, सुटलेली साल हलकेच खरवडून घ्या, जमिनीला किंवा कुंपणाला टेकणाऱ्या फांद्या छाटा. मग खोडाभोवती किड्यांना अडवणारा चिकट पट्टा लावा. चिकट पदार्थ थेट सालीवर लावू नका, कोवळ्या सालीला तो इजा करू शकतो. आधी कागद किंवा कापडी पट्टी गुंडाळा आणि तिच्यावर लावा. पट्टीखाली भेगा राहिल्या तर किडे खालूनच निघून जातात, म्हणून घट्ट बसवा. धूळ आणि पाला चिकटून पट्टा निकामी होतो, अधूनमधून बघत राहा. हा पट्टा फळ पिकायला लागायच्या थोडा आधी लावा. त्याआधी झाडावर मावा असेल तर त्यांना वर जाऊ द्या. पिकलेलं फळ वेळेवर उतरवा आणि खाली पडलेलं रोज उचला.

पायरी चौथी: घरात येण्याचे रस्ते

घरात दिसणारा इअरविग म्हणजे बाहेरच्या गर्दीतला चुकलेला किंवा हवामानाला कंटाळलेला पाहुणा. फार पाऊस, फार उकाडा किंवा कडक कोरड पडली की ते आसरा शोधतात. घरातल्या कोरड्या हवेत ते फार काळ तग धरत नाहीत.

दिवसा सगळे दिवे बंद करून दाराखालून उजेड येतो का ते बघा. उजेड आत येतो तिथून किडाही येतो. दाराच्या खालच्या कडेला ब्रशची किंवा रबरी पट्टी बसवा. खिडकीच्या चौकटीभोवतीची भेग सिलिकॉन सीलंटने भरा. पाण्याच्या, विजेच्या आणि गॅसच्या नळ्या भिंतीतून जिथे आत येतात ती भोकं बहुतेक घरांत उघडीच असतात, तीही बुजवा. हवेच्या झरोक्यांना बारीक जाळी लावा, पण झरोके बंद करू नका, नाहीतर आत ओल वाढेल आणि गोष्ट उलटी होईल.

दारावरचा पांढरा झगझगीत दिवा रात्री किड्यांना बोलावतो. त्या जागी पिवळसर प्रकाशाचा दिवा लावा किंवा गरज असेल तेव्हाच लावा.

अनेकदा आपणच त्यांना उचलून आत आणतो: कुंडीतून, कापलेल्या फुलांतून, जळणाच्या लाकडातून, बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांतून. आणण्यापूर्वी झटका. कुंडी आत घेण्याआधी तिच्या बुडाचं भोक बघा, तिथे हमखास एखादा बसलेला असतो.

आत आलेल्यांना झाडूने गोळा करून साबणाच्या पाण्यात टाका किंवा व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या आणि त्याची पिशवी लगेच बाहेर रिकामी करा. भिंतीलगत चिकट पुठ्ठे ठेवले की ते कुठून येतात याचा माग लागतो. न्हाणीघरात हवा खेळती ठेवा, ओली पायपुसणी वाळवा. घरात फवारणी करू नका असं मी स्पष्ट सांगेन. आतले चार मरतील, बाहेरचे चारशे तसेच राहतील, आणि श्वासातून औषध आपल्या अंगात जाईल.

औषध लागलंच तर

वरचं सगळं तीन-चार आठवडे मनापासून करून झालं आणि तरी रोपं टिकत नाहीत, तर औषधाचा विचार करा. त्यातही फवाऱ्यापेक्षा आमिष बरं. स्पिनोसॅड हा जमिनीतल्या एका जिवाणूपासून मिळणारा घटक असलेली दाणेदार आमिषं इअरविगसाठी वापरली जातात. लेबलवर इअरविगचं आणि तुमच्या पिकाचं नाव आहे का ते वाचा, नसेल तर वापरू नका. दाणे संध्याकाळी कोरड्या जमिनीवर विखरून टाका, ढीग करू नका. स्पिनोसॅडचा ओला फवारा मधमाश्यांना मारक आहे, त्यामुळे फुललेल्या झाडावर तो मारू नये.

डायटोमेशियस माती म्हणजे सूक्ष्म शेवाळांच्या कवचांची पूड. किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर ती खराब करते आणि किडा सुकून मरतो. दाराच्या उंबऱ्याची बाहेरची बाजू, भिंतीतली भेग अशा कोरड्या जागी तिची पातळ रेघ ओढा. ओली झाली की ती काम करत नाही, म्हणून भिजवलेल्या वाफ्यात टाकून उपयोग नाही. पोहण्याच्या तलावाच्या गाळणीसाठी विकतात ती पूड वेगळी, ती वापरू नका. टाकताना तोंडाला मास्क लावा.

पायरेथ्रॉइड गटातली फवारणी लोक पटकन करतात. ती अंगावर पडली तर किडा मरतो खरा, पण दिवसा हा किडा फटीत असतो आणि फवारा पानावर पडतो. मरतात कोण, तर लेडीबर्ड भुंगेरे आणि मधमाश्या. महिन्याभराने मावा दुप्पट झाला की त्याचं कारण आपल्या लक्षातही येत नाही. या गटातली औषधं माशांना अत्यंत विषारी आहेत आणि त्यातलं पर्मेथ्रिन मांजरांनाही. घरात मांजर किंवा बागेत पाण्याचं कुंड असेल तर माझ्या मते हा विषय तिथेच संपतो.

घरगुती तोडग्यांबद्दल दोन शब्द. मीठ माती बिघडवतं. उकळतं पाणी मुळं भाजतं. स्पिरिटचा फवारा किड्याला मारतो, पण पान करपतं आणि आगीचा धोका वेगळा. सुगंधी तेलांचा वास बागेत टिकत नाही. साबणाच्या पाण्याची बादली या सगळ्यांपेक्षा स्वस्त आणि खात्रीची.

बेडूक, पक्षी, कोळी आणि भुंगेरे इअरविग खातात. विष न मारलेल्या बागेत ते आपसूक येतात. कोंबड्या असतील तर रोपं लावण्याआधी त्यांना रिकाम्या वाफ्यात एक-दोन दिवस सोडा; रोपं लावल्यानंतर सोडलंत तर इअरविगपेक्षा जास्त नुकसान त्याच करतील.

वहीतला आकडा आठवडाभर प्रत्येक सापळ्यामागे एक-दोनवर आला आणि नवी पानं धड दिसू लागली की तेलाचे डबे काढून धुऊन ठेवा. कागदाच्या दोन गुंडाळ्या मात्र चालू ठेवा, एक रोपवाटिकेजवळ आणि एक दारालगत, आणि आठवड्यातून एकदा झटका. त्यात पांढुरकी पिल्लं दिसली की डबे परत पुरायची वेळ झाली.